छोट्या यंत्राची शिदोरी

संगणक म्हटला म्हणजे टेबलावरील पडदा आणि त्यापुढील अक्षरांच्या कळा हें चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें. परंतु आज शहरांतील एखाद्या मध्यम स्थितीच्या घरांत जितके संगणक उघड दिसतात, त्यांहून अधिक लपलेले असतात. दिवाणखान्याच्या कोपऱ्यांत दोन शिंगें उभारून बसलेली इंटरनेटची पेटी, म्हणजे राउटर, दारावरचा कॅमेरा, दूरदर्शनसंचाला जोडलेला डबा, ह्या प्रत्येकाच्या पोटांत एक लहानसा संगणक अहोरात्र राबत असतो. त्याला पडदा नसतो, कळा नसतात, आणि त्याच्याशीं बोलणारा माणूसहि सहसा कोणी नसतो. तरीहि काम करावयाचें म्हणजे त्याला आज्ञा लागतात, आणि त्या आज्ञा पाळणारे सेवक त्याच्या पोटांत आधींच बसवून ठेवावे लागतात. कोणते सेवक बरोबर द्यावे आणि कोणते वगळावे, हा निर्णय यंत्र घरीं येण्यापूर्वीच कोणीतरी घेतलेला असतो. ही निवड कशी होते आणि ती चुकल्यास काय ओढवतें, हें समजून घेण्यासारखें आहे.

ह्या लहान यंत्रांपैकीं पुष्कळांत लिनक्स नांवाची व्यवस्था चालते. लिनक्स ज्या युनिक्सच्या परंपरेंतलें आहे, तिचा जुना दंडक असा कीं, एका प्रोग्रामानें एकच काम करावें आणि तें नीट करावें. फायलींची यादी दाखविणारी ‘एल्‌एस्’ ही आज्ञा वेगळी, फायलींतील मजकूर पुढें ठेवणारी ‘कॅट’ वेगळी, मजकुरांतून हवा तो शब्द हुडकणारी ‘ग्रेप’ वेगळी, आणि अनेक फायलींचें एक गाठोडें बांधणारी ‘टार’ वेगळी. मोठ्या संगणकावर ह्यांपैकीं प्रत्येकीची स्वतंत्र फाइल असते, आणि प्रत्येकीला वर्षानुवर्षें चिकटत गेलेले अनेक बारकावे असतात. तेथें जागेचा तोटा नसल्यामुळें हा संसार खपून जातो. उलट अनेक जुन्या घरगुती राउटरांत कायमची स्मृति अवघी ४ मेगाबाइट होती. हल्लींच्या मोबाइलवर काढलेलें एक छायाचित्र पुष्कळदां तेवढी जागा घेतें. तेवढ्यांतच लिनक्सचा गाभा, बिनतारी जोडणीची व्यवस्था आणि ह्या सर्व आज्ञा मावल्या पाहिजेत.

ह्या अडचणीवरचा प्रसिद्ध तोडगा राउटरांच्या आधींचा आहे. १९९५ सालीं ब्रूस पेरेन्स ह्या अमेरिकन प्रोग्रामराला डेबियन ह्या लिनक्सच्या प्रकारासाठीं अशी एक फ्लॉपी तबकडी हवी होती कीं, तिच्यावरून संगणक सुरू व्हावा, नवी व्यवस्था बसवितां यावी, आणि यंत्र बिघडल्यास त्याची दुरुस्तीहि व्हावी. तबकडीची क्षमता १.४४ मेगाबाइट. त्यानें नेहमींच्या आज्ञा आटोपशीर रूपांत एकाच प्रोग्रामांत गोविल्या आणि त्या प्रोग्रामाला बिझीबॉक्स हें नांव दिलें. पुढें एरिक अँडरसन, रॉब लँडली आणि डेनिस व्लासेंको ह्यांनीं तो क्रमाक्रमानें संभाळला व वाढविला. फ्लॉपी तबकड्या केव्हांच अडगळींत गेल्या. बिझीबॉक्स मात्र जगभरच्या छोट्या यंत्रांत जाऊन बसला. आज त्यांत ३०० हून अधिक आज्ञा आहेत.

त्याची युक्ति आपल्याकडील बहुरूप्यासारखी आहे. बहुरूपी माणूस एकच. ज्या सोंगाच्या नांवानें त्याला ओळखावें, तें सोंग तो वठवितो. बिझीबॉक्सहि एकच फाइल असते, परंतु तिला अनेक नांवें जोडून ठेवलेलीं असतात. ‘एल्‌एस्’ म्हणून हांक आली कीं ती यादी दाखविते, ‘कॅट’ म्हणून हांक आली कीं मजकूर पुढें ठेवते. आपल्याला कोणत्या नांवानें बोलाविलें, हें आधीं पाहावयाचें आणि मग त्याप्रमाणें वागावयाचें, एवढाच तिचा नियम. ह्यांत बचत दुहेरी होते. स्वतंत्र फाइल म्हटली कीं तिला मालाच्या गोणीप्रमाणें बारदानाचें वजन असतें. तें शेंकडों वेळां न पडतां एकदांच पडतें. शिवाय फाइल उघडणें, आंकडा वाचणें, चूक कळविणें हीं सर्व आज्ञांना लागणारीं सामाईक कामें एकदांच लिहून भागतें.

आतां निवडीचा मुद्दा. आज्ञेबाबत निवड दोन वेळां करतां येते, आणि ह्या दोन वेळांत घोटाळा होतां कामा नये. एक निवड आज्ञा देतांना होते: यादी थोडक्यांत हवी कीं तपशीलवार, हें ज्या त्या वेळीं सांगतां येतें. दुसरी निवड प्रोग्रामाच्या बांधणीच्या वेळीं होते. प्रोग्रामाचें मूळ लेखन माणसाला वाचतां येतें. कंपायलर नांवाचा दुसरा प्रोग्राम तें यंत्राच्या भाषेंत उतरवितो. उतरविण्यापूर्वीं अमुक भाग घ्यावा, तमुक गाळावा, असें सांगण्याची सोय असते. गाळलेला भाग यंत्रांत जातच नाहीं. पहिली निवड घरांतला दिवा लावण्या-मालविण्यासारखी आहे. दुसरी घर बांधतांना भिंतींत खिडकी सोडण्यासारखी. दिवा हवा तेव्हां लावतां येतो. खिडकी सोडावयाची राहिली, तर पुढें भिंतच फोडावी लागते.

बिझीबॉक्सची बांधणी करणाऱ्यापुढें ही निवड एका लांबलचक यादीच्या रूपानें येते. ‘मेक मेन्यूकॉन्फिग’ असें म्हटलें कीं पडद्यावर प्रकरणें उघडतात आणि प्रत्येक नांवामागच्या चौकटींत खूण करावयाची किंवा काढावयाची असते. ह्या खुणांच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली पायरी सबंध प्रोग्रामाच्या घडणीची, म्हणजे तो स्वयंपूर्ण असावा कीं इतर फायलींवर अवलंबून असावा, वगैरे. दुसरी पायरी एकेका आज्ञेची: ही हवी कीं नको. तिसरी पायरी त्या आज्ञेंतल्या बारकाव्यांची: यादी रंगीत दिसावी काय, संपादकांत शब्द शोधण्याची सोय असावी काय, चूक झाल्यास मदतीचा मजकूर सविस्तर छापावा काय. अलीकडच्या आवृत्त्यांत बहुतेक आज्ञांपुढें तिचें अंदाजी वजनहि लिहिलेलें असतें. आज्ञा ऐकणारा ‘ॲश’ हा शेल ७० ते ८० किलोबाइटांचा, तर ‘व्ही-आय’ हा संपादक २० ते २५ किलोबाइटांचा आहे. आणि कांहीं आज्ञा इतक्या चिमुकल्या आहेत कीं त्यांच्यापुढें केवळ ‘अगदीं लहान’ अशा अर्थाचा शब्द घातला आहे. वाण्याच्या यादींत जिन्नसापुढें भाव लिहिलेला असावा, तशी ही सोय आहे.

यादी भरण्यास आरंभ दोन टोकांनीं करतां येतो. ‘डेफकॉन्फिग’ असें म्हटलें तर जवळजवळ सर्व चौकटींत खुणा होऊन येतात; मग नको तें काढीत जावें. ‘ऑलनोकॉन्फिग’ म्हटलें तर सर्व चौकटी रिकाम्या येतात. मग हवें तें भरीत जावें. घाईचा मनुष्य पहिला मार्ग धरतो आणि कांहींच न काढतां पुढें जातो. काटकसरी मनुष्य दुसरा मार्ग धरतो आणि लागणारें तेंहि वगळून मोकळा होतो. पहिल्याचें यंत्र चालतें, पण त्यांत नको तीं दारें उघडीं राहतात. दुसऱ्याचें यंत्र टेबलावर चालतें आणि दूर गेल्यावर अडतें. ह्या दोन्ही चुका एकाच कारणानें होतात: यादी पाहण्याआधीं यंत्राचें काम पाहिलेलें नसतें. म्हणून एक ठोस यंत्र आणि एक ठोस जागा डोळ्यांपुढें ठेवून हा विचार केलेला बरा.

ठाणें जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यांत, सह्याद्रीच्या रांगेला लागून सिद्धगड हा किल्ला आहे. १९४३ सालच्या २ जानेवारीस भाई कोतवाल आणि हिराजी पाटील ह्यांना येथें पोलिसांच्या गोळीबारांत वीरमरण आलें, त्यामुळें महाराष्ट्राला हें नांव परिचित आहे. भीमाशंकरच्या अभयारण्यांतला हा प्रदेश. माची गांठावयाची तर दाट रानांतून चढ चढावा लागतो, आणि पावसाळ्यांत धुकें व ओढे ह्यांमुळें तो चढ सोपा राहत नाहीं. शेजारच्या शहापूर तालुक्यांतील तानसा व भातसा ह्या जलाशयांचें पाणी मुंबईच्या नळांना येतें. तेव्हां शहापूर-मुरबाडच्या डोंगरांत पाऊस किती पडला, हा प्रश्न शहरांतल्या गृहिणीलाहि परका नाहीं. समजा, सिद्धगडाच्या माचीवर पाऊस मोजणारें एक यंत्र बसवावयाचें आहे. ठराविक पाणी भरलें कीं कलंडणारी एक पळी, ते ठोके मोजणारा लहानसा संगणक, सूर्यप्रकाशावर वीज करणारी एक पट्टी, एक बॅटरी, आणि मोबाइलचें जाळें सांपडेल तेव्हां आंकडा खालीं धाडणारें उपकरण, एवढा हा संसार. ह्या यंत्राच्या शिदोरींत कोणत्या आज्ञा बांधून द्याव्या?

प्रथम त्याची दिनचर्या कागदावर लिहावी. यंत्र सुरू होतें, डिस्क जोडून घेतें, घड्याळ लावतें. दर पांच मिनिटांनीं ठोक्यांची संख्या वाचतें आणि वेळेसह नोंदवितें. तासातासानें नोंदी एकत्र करून खालीं पाठवितें. नंतर ह्या कामांसाठीं लिहिलेली प्रत्येक आज्ञापत्रिका, जिला स्क्रिप्ट म्हणतात, ती ओळीओळीनें वाचून तींत कोणत्या आज्ञा आल्या आणि त्यांचे कोणते बारकावे वापरले, ह्याची टिपणी करावी. नुसतीं आज्ञांचीं नांवें लिहून भागत नाहीं. बारकावेहि लिहिले पाहिजेत. ते कां, हें एका लहानशा आज्ञेवरून ध्यानांत येईल.

‘स्लीप’ ही आज्ञा यंत्राला थांबावयास सांगते. ‘स्लीप ३००’ म्हणजे तीनशें सेकंद थांब. मोठ्या संगणकावर हेंच ‘स्लीप ५ एम’, म्हणजे पांच मिनिटें थांब, असेंहि लिहितां येतें. बिझीबॉक्सांत मात्र मिनिटें, तास आणि अपूर्णांक समजण्याची अक्कल हा एक वेगळा पर्याय आहे. ती खूण काढून टाकली तर ‘स्लीप’ला केवळ पूर्ण सेकंद समजतात. आतां स्क्रिप्ट लिहिणाऱ्यानें आपल्या मोठ्या संगणकाच्या संवयीनें ‘५ एम’ लिहिलें, आणि बांधणाऱ्यानें कांहीं बाइट वाचविण्यासाठीं ती खूण काढली, तर काय होईल? ‘स्लीप’ न थांबतां चूक कळवून तत्काळ परत येईल. स्क्रिप्टाचें चक्र पुन्हां आरंभापासून सुरू होईल, पुन्हां ‘स्लीप’ परत येईल, आणि पांच मिनिटांनीं एकदां व्हावयाचें काम सेकंदाला अनेकदां होऊं लागेल. यंत्राला क्षणाचीहि उसंत नाहीं. श्रावणांत सूर्यदर्शन दुर्मीळ. बॅटरी रिकामी होईल आणि ऐन पावसांत पावसाची नोंद थांबेल. उपाय दोन, आणि दोन्ही खालीं असतांनाच करावयाचे: खूण राहूं द्यावी, किंवा स्क्रिप्टांत सरळ ‘३००’ लिहावें. ज्याला डोंगर चढून जावें लागणार, त्याला ह्या दोन अक्षरांची किंमत वेगळी सांगावयास नको.

घड्याळाचेंहि असेंच आहे. लिनक्सचें कालमापन १ जानेवारी १९७० पासून मोजलें जातें. ज्या यंत्रांत वीज गेल्यावरहि चालणारें घड्याळ नाहीं, तें पुन्हां सुरू होतांना वेळ ठाऊक नसल्यामुळें पुष्कळदां त्या जुन्या तारखेवरच जागें होतें. चुकीच्या तारखेखालीं नोंदलेला पाऊस नोंदलाच नाहीं असें समजावें. म्हणून वीज गेली तरी वेळ राखणारी लहान चकती यंत्रांत बसवावी आणि तिच्यावरून वेळ घेणारी ‘एच्‌डब्ल्यूक्लॉक’ ही आज्ञा बांधावी. शिवाय जाळें सांपडल्यावर दूरच्या घड्याळाशीं मेळ घालणारी ‘एन्‌टीपीडी’ हीहि बांधावी. घरांतील राउटराला जाळें बहुधा नेहमीं असतें, म्हणून त्याला दुसरी पुरेशी होते. सिद्धगडावर दोन्ही हव्या. एकाच आज्ञेचें उत्तर जागेप्रमाणें बदलतें, तें असें.

यंत्राची रोजनिशी ठेवणारी ‘सिस्‌लॉगडी’ ही तिसरी विचाराची जागा. रोजनिशी कायमच्या स्मृतींत लिहीत गेल्यास ती स्मृति हळूहळू झिजते, आणि फाइल वाढत वाढत सर्व जागा खाऊन टाकते. बिझीबॉक्सांत ह्यावर दोन पर्याय आहेत. फाइल ठराविक आकाराची झाली कीं जुनी बाजूला सारून नवी उघडावी, हा एक. रोजनिशी तात्पुरत्या स्मृतींतील एका लहान वर्तुळांत लिहावी, म्हणजे नवें येतांच अगदीं जुनें आपोआप पुसलें जावें, हा दुसरा. दुसऱ्यांत झीज नाहीं, परंतु वीज जातांच रोजनिशीहि जाते. शिवाय ती वाचावयास ‘लॉगरीड’ ही आज्ञा बरोबर द्यावी लागते. पावसाचे आंकडे आणि यंत्राची रोजनिशी ह्या वेगळ्या वस्तु आहेत. आंकडे जपावे; रोजनिशी वर्तुळांत फिरूं द्यावी.

आतां अशी एक आज्ञा कीं जी टेबलावर कधींच आठवत नाहीं. तिचें नांव ‘वॉचडॉग’, म्हणजे पहारेकरी. संगणकांत बसविलेल्या एका गजराला ही आज्ञा ठराविक वेळानें ‘सर्व ठीक’ असें कळवीत राहते. यंत्र गोठलें आणि निरोप थांबला, कीं गजर आपण होऊन यंत्र बंद करून पुन्हां सुरू करतो. घरचा राउटर अडला तर गृहस्थ उठून खटका बंद करतो आणि चालू करतो. सिद्धगडाच्या माचीवर हा खटका दाबावयास कोण जाणार? म्हणून केवळ कांहीं किलोबाइटांची ही आज्ञा वगळणें म्हणजे काटकसर नव्हे. उलट ‘व्ही-आय’ हा संपादक, आज्ञा पुन्हां आठवून देणारी शेलची सोय, यादीचे रंग, हें सर्व समोर माणूस बसला असेल तरच कामाचें. दुरुस्तीला येणाऱ्याला एक साधा संपादक हवा, हें मान्य. पण त्याला सर्व अलंकार हवेत असें नाहीं.

घडणीच्या पायरीवरचे दोनच प्रश्न येथें महत्त्वाचे आहेत. सी भाषेंतील प्रोग्रामांना लागणारीं सामाईक कामें एका वेगळ्या फाइलींत असतात, आणि सर्व प्रोग्राम तिचा उपयोग करतात. ही आळींतल्या सामाईक विहिरीसारखी व्यवस्था आहे. अनेक घरें असलीं तर ती परवडते. परंतु विहिरीचें पाणी बिघडलें तर सर्वच घरें तहानेलीं राहतात. ती एक फाइल खराब झाली तर यंत्रांतील एकहि आज्ञा चालत नाहीं. दुसरा मार्ग बिझीबॉक्स स्वयंपूर्ण बांधण्याचा: हवें तेवढें पाणी घरांतच भरून ठेवावें. त्यानें फाइल मोठी होते. मात्र यंत्रांत बिझीबॉक्सवांचून दुसरें फारसें कांहीं नसेल, तर एकंदर जागा उलट वांचते. दुसरा प्रश्न अधिकाराचा. परवलीचा शब्द बदलण्यासारख्या थोड्या आज्ञांना सर्वाधिकाऱ्याची सत्ता लागते. पण बहुरूपी एकच असल्यामुळें एका सोंगाला दिलेली सत्ता सर्वच सोंगांना मिळण्याचा धोका असतो. ज्या सोंगाला सत्ता नको त्यानें ती प्रथम टाकून द्यावी, अशी खूण यादींत आहे. ती काढूं नये. त्याहून सुरक्षित म्हणजे दोन बिझीबॉक्स बांधावे: सत्तेचा एक लहान, आणि बिनसत्तेचा दुसरा.

किल्ल्याचा विषय निघाला आहे, तर दारांबद्दल जुन्या जाणत्यांचें मत पाहणें उचित होईल. रामचंद्रपंत अमात्यांनीं अठराव्या शतकाच्या आरंभीं लिहिलेल्या आज्ञापत्रांत गडाला एकच दरवाजा असणें हा मोठा दोष मानला आहे. दरवाजे आणि चोरदिंड्या एकाहून अधिक असाव्या. मात्र नित्याच्या येण्याजाण्याला लागतील तेवढ्याच राखून बाकीच्या चिणून टाकाव्या, असा त्या उपदेशाचा आशय आहे. छोट्या यंत्राच्या बांधणीला ह्याहून चांगलें सूत्र क्वचितच मिळेल. दुरुस्तीसाठीं एक चोरवाट हवी: यंत्राच्या पट्टीवरच तार जोडून आंत शिरतां येईल अशी. तिच्यासाठीं शेल आणि प्रवेश विचारणारी ‘गेटी’ ही आज्ञा ठेवावी. ती वाट प्रत्यक्ष माचीवर पोंचलेल्यालाच सांपडते. परंतु जाळ्यावरून कोणालाहि खडखडावतां येईल असें ‘टेलनेटडी’चें दार चिणून टाकावें. टेलनेटावरून परवलीचा शब्द उघड्या पत्रासारखा जातो. दुरून शिरणें आवश्यकच असेल, तर संभाषण गुप्त ठेवणारा निराळा प्रोग्राम बसवावा; ड्रॉपबेअर हा त्यासाठीं प्रचारांत आहे.

दार उघडें राहिलें म्हणजे काय होतें, तें २०१६ सालीं साऱ्या जगानें पाहिलें. मिराई नांवाचा एक दुष्ट प्रोग्राम इंटरनेटवर कॅमेरे, राउटर आणि असलीं यंत्रें हुडकीत फिरूं लागला. टेलनेटचें दार उघडें दिसतांच कारखान्यांतून आलेले, कोणीं न बदललेले साठांहून अधिक नांव-परवलींचे जोड तो लावून पाही. आंत शिरल्यावर बिझीबॉक्सला तो ‘मिराई’ नांवाची, अस्तित्वांतच नसलेली आज्ञा देई; ‘अशी आज्ञा नाहीं’ हें ठराविक उत्तर आलें कीं आपण योग्य जागीं पोंचलों, हें तो ओळखी. मग ‘डब्ल्यूगेट’ किंवा ‘टीएफ्‌टीपी’ ह्या फाइल आणणाऱ्या आज्ञांकरवीं आपला उरलेला देह आंत ओढून घेई. अशा हजारों यंत्रांच्या फौजेनें त्याच वर्षीं २१ ऑक्टोबरला डिन ह्या कंपनीवर हल्ला झाला, आणि अमेरिकेंत ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारखीं अनेक प्रसिद्ध स्थळें कांहीं तास मिळेनाशीं झालीं. ह्यांत एक सावधगिरीची सूचना आहे. फाइल आणणाऱ्या दोन्ही आज्ञा नसल्या तरी मिराई हटत नसे. ‘एको’ ह्या साध्या आज्ञेनें तो एकेक अक्षर लिहून आपलें काम साधी. तेव्हां आंतलीं भांडीं लपवून भागत नाहीं. बाहेरचें दार आधीं बंद पाहिजे, आणि परवलीचा शब्द बदललेला पाहिजे.

वगळण्याचा दुसरा लाभ २०२१ च्या नोव्हेंबरांत दिसला. जेफ्रॉग आणि क्लॅरोटी ह्या दोन संस्थांच्या संशोधकांनीं बिझीबॉक्समधील १४ दोष प्रसिद्ध केले. ते ‘ऑक’, ‘ॲश’ व ‘हश’ हे शेल, ‘लझ्मा’चें गाठोडें सोडणारा भाग आणि ‘मॅन’ ह्या आज्ञांत होते. १.३४.० ह्या आवृत्तींत त्यांची दुरुस्ती झाली. ‘मॅन’ ही आज्ञा पडद्यावर माहितीपुस्तिका दाखविते. सिद्धगडाच्या माचीवर पावसांत बसून पुस्तिका कोण वाचणार? ज्यानें ती आज्ञा मुळांतच बांधली नव्हती, त्याला तिच्या दोषासाठीं डोंगर चढण्याचें कारणच उरलें नाहीं. जें यंत्रांत नाहीं तें बिघडत नाहीं आणि त्याचा दुरुपयोगहि होत नाहीं. मात्र शेल वगळतां येत नसतो. म्हणून जें ठेवलें तें वेळोवेळीं नवें करण्याची वाटहि पहिल्याच दिवशीं आंखून ठेवावी.

निवड झाली म्हणजे काम संपलें असें नाहीं. बांधलेला बिझीबॉक्स नुसत्या आपल्या नांवानें हांक मारली असतां आपल्या अंगच्या सर्व आज्ञांची यादी म्हणून दाखवितो. ती यादी आरंभींच्या टिपणीशीं ताडून पाहावी. नंतर यंत्र टेबलावरच कांहीं दिवस, माचीवर वागेल तसें वागूं द्यावें: मधूनच वीज काढावी, जाळें तोडावें, स्मृति भरूं द्यावी, आणि तें सांवरतें कीं नाहीं हें पाहावें. सर्व खुणा ‘.कॉन्फिग’ नांवाच्या एका साध्या मजकुराच्या फाइलींत साठविलेल्या असतात. ती फाइल, बिझीबॉक्सची आवृत्ति आणि प्रत्येक महत्त्वाच्या खुणेचें एका ओळींत कारण, हीं जपून ठेवावीं. पुढें नवी आवृत्ति आली कीं ‘मेक ओल्डकॉन्फिग’ म्हटल्यावर जुन्या खुणा तशाच राहून केवळ नव्यानें आलेले प्रश्न विचारले जातात. ज्यानें फाइल हरविली, त्याला सारी यादी पहिल्यापासून भरावी लागते. आणि ‘ही खूण कां काढली होती’ हें सांगणारा मनुष्य तोंवर बहुधा दुसरीकडे गेलेला असतो.

ह्या फाइलीशीं घरांतल्या ग्राहकाचाहि संबंध आहे. बिझीबॉक्स हा सर्वसाधारण सार्वजनिक परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीखालीं वांटला जातो. हा परवाना म्हणतो कीं, तयार प्रोग्राम ज्याला दिला त्याला त्याचें मूळ लेखन आणि बांधणी ज्या साधनांनीं नियंत्रित केली तीं साधनेंहि मिळालीं पाहिजेत. २००७ सालीं अँडरसन आणि लँडली ह्यांच्या वतीनें अमेरिकेंत एका कंपनीवर ह्याच कारणासाठीं दावा लावला गेला, आणि कांहीं आठवड्यांतच तडजोड झाली. त्यानंतरहि असे दावे झाले. ह्याचा अर्थ असा कीं, यंत्र विकणाऱ्यानें आपल्या पोटीं कोणते सेवक घातले आणि कोणते गाळले, हें विचारण्याचा हक्क विकत घेणाऱ्याला आहे. प्रत्येक गृहस्थ ही यादी वाचूं शकेल असें नाहीं. पण राउटर घेतांना दुकानदाराला दोन प्रश्न तरी कोणालाहि विचारतां येतील: ह्याचा प्रोग्राम किती वर्षें नवा करून मिळेल? आणि दुरून शिरण्याचें दार कारखान्यांतून बंद होऊन येतें काय? यंत्र घरीं आल्यावर कारखान्याचा परवलीचा शब्द बदलणें, हें तर ज्याच्या त्याच्या हातचें आहे.

गडावर जाणारा मनुष्य शिदोरी बांधतांना दोन प्रश्न मनांत ठेवतो: वर गेल्यावर काय मिळणार नाहीं, आणि कशाचें ओझें फुकट होईल. बांधणाऱ्यानें प्रत्येक खुणेपुढें हेच दोन प्रश्न विचारावे. ज्याचें काम कागदावर दाखवितां येतें तें घ्यावें. ज्याचें दाखवितां येत नाहीं तें कितीहि हलकें असलें तरी खालींच ठेवावें. आणि काय घेतलें, काय ठेवलें व कां, हें लिहून ठेवावें. कारण निवड करणारा मनुष्य खालीं राहतो. वर माचीवर, पावसांत, एकटें असतें तें यंत्र. आणि त्याच्यापाशीं असतें तें केवळ त्याला आधीं बांधून दिलेलें.